सरांचे बहिःस्थ परीक्षक

सर फोनवर ‘हॅलो’ म्हणत नाहीत. आधी खोकतात, मग समोर जो कोणी असेल त्याला "थांब रे जरा" म्हणतात, आणि मग मला विचारतात, "हं, काय कळत नाही?"

कशी आहेस, होस्टेलचं जेवण बरं आहे का, असलं काही नाही. सुरुवातीला मला वाटायचं की मी कोण ते त्यांना आठवत नसावं. पण तसं नव्हतं. हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. निफाडच्या बसमध्ये त्यांनी तो कंडक्टरला विचारलेला मी स्वतः ऐकला आहे. कंडक्टर म्हणाला, "पुढे जागा मोकळी असती, तरी लोक दारातच का उभे राहतात, तेवढं कळत नाय सर." सर स्टँड येईपर्यंत त्याच्याशी त्यावरच बोलत राहिले, आणि ते बोलत होते दारात उभं राहून.

मला त्यांच्याबद्दल नीट लिहिता येईल असं वाटत नाही. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे सर लोक कसे असतात, किती वेगळे असले तर विचित्र म्हणायचं, हे मला ठरवता येत नसे. माझ्यासाठी सगळेच सर सारखे विचित्र होते. हे सर जास्त विचित्र आहेत, हे मला दुसऱ्यांनी सांगितलं.

ते आम्हाला जीवशास्त्र शिकवायचे. उंच, किडकिडीत. शर्ट एका बाजूने खोचलेला आणि दुसऱ्या बाजूने विसरलेला. सुतार पेन्सिल ठेवतो तसा कानावर खडू. तो खडू घेऊनच ते घरी जायचे, आणि दुसऱ्या दिवशी नवा घ्यायचे. महिना संपला की त्यांच्या घरून बाई, म्हणजे त्यांच्या मिसेस, एका डब्यात ते सगळे खडू भरून परत पाठवायच्या. शिपाईमामा तो डबा ऑफिसात ठेवताना म्हणायचे, "घ्या, सरांचा पगार आला."

आमची शाळा निफाड तालुक्यातली, पाचवी ते बारावी एकाच आवारात. अकरावीला कला, वाणिज्य, विज्ञान अशा तीन शाखा. प्रवेशाच्या दिवशी व्हरांड्यात क्लार्कचं टेबल असायचं आणि त्याच्या अलीकडे एका स्टुलावर सर. त्यांना ‘हं’ म्हणायला लावल्याशिवाय कोणी टेबलापर्यंत जायचं नाही. हा अधिकार त्यांना कोणी दिला होता ते कोणालाच माहीत नव्हतं. प्राचार्य म्हणायचे, "बसू द्या त्यांना. रांग सरळ राहते."

सर मार्क बघत नसत. तुला काय आवडतं, असंही विचारत नसत. "आवडायला काय, सगळ्यांना भेळ आवडते," असं म्हणायचे. विचारायचे एवढंच, "तुला काय कळत नाही?"

माझ्या पुढचा मुलगा म्हणाला, "सर, सकाळी मार्केटला टोमॅटोला भाव असतो आणि दुपारी तोच टोमॅटो कोणी विचारत नाय. टोमॅटो तर तोच असतो ना?" सर म्हणाले, "वाणिज्य. पळ." त्याच्या पुढची मुलगी म्हणाली, की आमची आजी देवाला पण घाबरते आणि भुताला पण, मग दोघांत फरक काय? सर स्टुलावरून उठलेच. "कला. आणि हा प्रश्न कोणाला स्वस्तात देऊ नकोस."

मग माझी पाळी आली. मला काही सुचेना. मागे रांग होती. मी म्हणाले, "सर, मला काहीच कळत नाही."

"काहीच? सगळंच्या सगळं?"

मी मान हलवली. मागचे हसले. सर हसले नाहीत. विचार करून म्हणाले, "मग विज्ञान घे. सगळं कळत नसेल तर तिकडे निदान प्रयोगशाळेत पंखा आहे."

मी विज्ञानाला गेले ती अशी. नंतर दोन वर्षं मला वाटत राहिलं, की माझं उत्तर द्यायचं राहून गेलं आहे.

बारावी पास होणं म्हणजे नक्की काय काय, हे आमच्या शाळेत पूर्णपणे फक्त त्यांना माहीत होतं. बाकीचे शिक्षक म्हणायचे, अभ्यास करा, पास व्हाल. सर पहिल्या दिवशी फळ्यावर सगळं मांडायचे. लेखी किती, प्रात्यक्षिक किती, जर्नलवर सही नसेल तर काय, हजेरी कमी पडली तर काय. आणि खाली एक रेघ मारून लिहायचे: पर्यावरण शिक्षण. "हा विषय कोणाला दिसत नाही," ते म्हणायचे. "ह्याचा क्लास नाही, ह्याची भीती नाही. पण ह्याची श्रेणी बोर्डाकडे गेली नाही, तर निकाल अडतो. दार मोठं असतं, कडी लहान असते."

दुसऱ्या शाळांत पर्यावरणाचा प्रकल्प म्हणजे दुकानातून तयार आणायचा, पहिल्या पानावर झाड चिकटवायचं, की मिळाला ‘अ’. आमच्याकडेही आधी तसंच होतं म्हणे. मग एका मीटिंगला सर गैरहजर राहिले आणि हा विषय त्यांच्या गळ्यात पडला.

सरांना एक गोष्ट खटकली. फिजिक्सच्या प्रात्यक्षिकाला बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक येतात. बहिःस्थ परीक्षक. केमिस्ट्रीला येतात, बायोलॉजीला येतात. ते आले की प्राचार्यांच्या केबिनमधली गादीची खुर्ची प्रयोगशाळेत जाते, कपबशीतून चहा येतो, पोहे येतात, गुलाबाचं फूल देतात. पर्यावरणाला कोणीच येत नाही. "हा अपमान आहे," सर म्हणाले. "विषयाचा. माझा नाही, मला सवय आहे."

म्हणून त्यांनी स्वतःच बहिःस्थ परीक्षक नेमायला सुरुवात केली. प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरातलं एक माणूस. आई, आजी, चुलता, कोणीही. अट एकच, की त्या माणसाने प्रकल्पाचा विषय रोज डोळ्यांनी बघितलेला असावा. त्या माणसाने यायचं, गादीच्या खुर्चीत बसायचं, पोरा-पोरीला हवं ते विचारायचं, आणि श्रेणी सांगायची. सांगतील ती सर लिहिणार. बदलणार नाहीत.

त्या दिवसांत शाळेत मजा असायची. सर फाटकापर्यंत जाऊन, "या परीक्षक मॅडम, या," म्हणत कोणाच्या तरी आजीला हाताला धरून आणायचे. आजी म्हणायची, "आवं मी कशाची म्याडम, सोडा." खुर्चीत बसायला बायका तयार नसत, कडेला टेकायच्या. सर स्वतः खाली बाकावर बसायचे, म्हणजे परीक्षक उंच दिसावेत. माझ्या वर्गातल्या एकाच्या आजीने त्याला परीक्षेत एकच प्रश्न विचारला, "सकाळी काही खाल्लं का नाय?" तो म्हणाला, "नाही." आजी सरांना म्हणाली, "लिवा, ह्येला चांगला शेरा लिवा, उपाशी उभाय पोरगं." सरांनी ‘अ’ लिहिला आणि पोह्यांची प्लेट त्याला दिली.

प्राचार्य वैतागायचे. "सर, ही परीक्षा आहे का हळदीकुंकू?" सर म्हणायचे, "सर, नियमात परीक्षक कोण नसावा ते लिहिलंय. आजी नसावी असं कुठे लिहिलंय दाखवा."

सगळ्यांना ‘अ’ मिळायचा. कोणाची आई कशाला ‘ब’ देईल? मला वाटतं, सरांनाही ते माहीत होतं. तरी ते दर वर्षी कोणाची तरी वाट बघितल्यासारखे त्या बाकावर बसायचे.

माझा प्रकल्प पानवेलींवर होता. आमचं गाव सायखेड्याजवळ, गोदावरीच्या काठाला. उन्हाळ्याच्या तोंडाला नदी दिसत नाही, नुसत्या हिरव्या पानवेली दिसतात; परक्या माणसाला वाटेल की शेतच आहे. पुस्तकात त्यांना जलपर्णी म्हणतात. मी गाईडमधून कारणं, परिणाम, उपाय असं सुंदर अक्षरात उतरवलं होतं आणि वर निळ्या फुलाचा फोटो लावला होता.

परीक्षेला आई येणार होती. पण त्या दिवशी तिला द्राक्षाच्या थिनिंगचं, घडातले मणी विरळ करायचं काम लागलं, म्हणून पप्पा आले.

पप्पांबद्दल सांगायला हवं. ते चौथी शिकलेले. नदीवर शेतकऱ्यांच्या पाण्याच्या मोटारी असतात, त्या ते बसवतात आणि बिघडल्या की दोर लावून बाहेर काढतात. पाइपाच्या तोंडाच्या जाळीत पानवेली अडकली की मोटार नुसती गुरगुरते, मग पप्पांना फोन येतो. कमी बोलतात. माझ्या शिक्षणाला त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं, पण शेवट ठरवून टाकला होता. बारावी झाली की बास. द्राक्षाच्या पॅकहाऊसला वजनं लिहायला मुलगी हवी होती आणि त्यांनी शब्द दिला होता. "नाशिकला रोजचं जाणं-येणं, नायतर होस्टेल. आपल्याच्याने निभायचं नाय," एवढंच म्हणाले होते. मी वाद घातला नाही. कॉलेजात जाऊन काय करणार, असं त्यांनी विचारलं असतं तर माझ्याकडे काही सांगण्यासारखं नव्हतं.

पप्पा धुतलेला शर्ट घालून आले. सर फाटकावर होतेच. "या परीक्षक साहेब." पप्पांनी मागे वळून बघितलं, आणखी कोणी आलंय का म्हणून. खुर्चीत मात्र ते नीट, मागे टेकून बसले. चहा घेतला. फूल कुठे ठेवावं कळेना, म्हणून खिशात ठेवलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हां. वाच."

मी वाचलं. जलपर्णी ही एक उपद्रवी वनस्पती असून सांडपाण्यामुळे तिची झपाट्याने वाढ होते.

"म्हंजे पानवेल."

"हो पप्पा."

"पप्पा नाही," सर बाकावरून म्हणाले. "परीक्षक."

पप्पा थोडे पुढे सरकले. "मला सांग. पावसाळ्यात पूर येतो. पूर आला की सगळी पानवेल वाहून जाती. सायखेड्याचा पूल धुतल्यावानी होतो, नदीत एक पान राहत नाय. मी बघतो ना दर वर्षाला. मग दिवाळी झाली की परत येती, ती कुठून येती?"

मी म्हणाले, "सांडपाण्यामुळे."

"सांडपाणी तिचं खाणं झालं. पोट भरलं म्हणून माणूस वाढंल, पण आधी यायला तर पाहिजे. पहिली वेल कुठून येती?"

मी गाईडमधलं दुसरं कारण सांगितलं. ते म्हणाले, "हे तेच झालं." व्हरांड्यातली मुलं खिडकीत जमा झाली होती. पप्पा सरांकडे वळले. "सर, तुम्ही सांगा. मला लय वर्षांपासून इचारायचं होतं, पण इचारायचं कोणाला?"

सर उठून उभे राहिले होते. त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा आमच्या गावात जत्रेतल्या पाळण्यात बसताना लहान मुलांचा होतो. "मला माहीत नाही," ते म्हणाले. "पुस्तकात आहे की तिला बी असतं, आणि वेलीला वेल फुटते. पण तुमच्या पुलाखाली नक्की काय होतं, ते मी बघितलेलं नाही. बघितलं नाही तर कसं सांगू?"

पप्पांनी मान डोलावली. मग म्हणाले, "पोरगी नापास."

सर म्हणाले, "नापास लिहिता येत नाही, परीक्षक साहेब. ‘पुन्हा’ लिहिता येतं."

"मंग पुन्हा लिहा."

आणि सरांनी लिहिलं.

मी मागच्या नळाजवळ जाऊन रडले. आजीला नातू उपाशी दिसला म्हणून त्याला ‘अ’ मिळतो आणि माझे सख्खे वडील मला नापास करतात. सर तिथे आले. रडणाऱ्या मुलीशी काय बोलतात ते त्यांना माहीत नसावं, कारण त्यांनी आधी कानावरचा खडू काढून मला देऊ केला आणि मग परत ठेवला. म्हणाले, "इतकी वर्षं सगळे परीक्षक पास करायला येत होते. परीक्षा घ्यायला आलेला हा पहिला माणूस. तुला कळतंय का काय झालंय?"

मला कळत होतं ते एवढंच, की बोर्डाकडे श्रेण्या जायच्या आधी माझं ‘पुन्हा’ पुसलं गेलं नाही, तर निकाल अडेल. आणि निकाल अडला, तर कॉलेजचा प्रश्नच उरत नाही.

रविवारी सर स्कूटरवरून आमच्या गावात आले. पप्पांना म्हणाले, "चला, बघू." नदीकाठी पुराचं पाणी ओसरून गाळ उघडा पडला होता. सरांचं म्हणणं असं, की बी त्या गाळात पडून राहत असेल. गाळ आणून ओला ठेवला आणि त्यातून पानवेल आली, तर परीक्षकांना उत्तर मिळालं. हे सांगता सांगता ते गाळात चालत गेले आणि गुडघ्यापर्यंत रुतले. पप्पा काठावरून ओरडले, "सर, हलू नका! हललं की आणखी जातं!" सर हलायचे थांबले आणि तिथूनच म्हणाले, "अरे वा, हे असं का होतं?" शेवटी पप्पांनी मोटारी काढायचा दोर टाकला आणि सरांना मोटारीसारखंच बाहेर काढलं. एक चप्पल आतच राहिली. हातात गाळाची पिशवी मात्र होती.

सर म्हणाले, एक घमेलं पुरणार नाही, दोन पाहिजेत. एकात नदीचा गाळ, दुसऱ्यात अशी माती जिथे नदी कधी आलेली नाही.

"दुसरं कशाला?" पप्पांनी विचारलं.

"जोडीला. समजा दोन्हींत उगवलं, तर गाळाचा काय संबंध? फक्त गाळात उगवलं पाहिजे. आणि पाणी नदीचं घालायचं नाही. नाहीतर पाण्यातून आलं म्हणाल."

पप्पांना हे पटलं. "आमच्या वरच्या वावरात पूर कधीच आला नाय," ते म्हणाले. तिथली माती आणली. दोन्ही घमेली आमच्या अंगणात उन्हाला ठेवली आणि बोअरचं पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं.

गावात बोभाटा झाला. "काय मिस्त्री, पानवेलीची शेती का?" येणारा-जाणारा विचारायचा. "लोक काढून काढून थकले आणि हा बाबा लावतोय!" आई म्हणायची, "पोरीची परीक्षा अंगणात मांडली, त्यात गाय तोंड घालती." पप्पा मात्र सकाळी चहाच्या आधी घमेल्यांजवळ उकिडवे बसलेले असत. मी आले की विचारायचे, "पाणी दिलं का?" आणि थोड्या वेळाने, "थंडीमुळं येत नसंल का?" आम्ही दोघं याआधी इतकं कधी बोललो नव्हतो.

काहीच उगवलं नाही. जानेवारी गेला. प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की श्रेण्या पाठवायच्या आहेत, आणि मग माझ्यासमोरच सरांना म्हणाले, "एका मुलीसाठी निकालाचा घोळ करू नका. ‘अ’ लिहून टाका."

सर म्हणाले, "मला अधिकार नाही. परीक्षक बहिःस्थ आहेत."

"अहो, तिचे वडील आहेत ते!"

"म्हणूनच म्हणतो, बोलावून घेऊ."

पप्पा पुन्हा आले. पुन्हा गादीची खुर्ची, पुन्हा चहा. या वेळी फूल त्यांनी माझ्या हातात दिलं. या वेळी माझ्याकडे वाचायला काही नव्हतं. त्यांनी तोच प्रश्न विचारला, "पहिली वेल कुठून येती?"

मी म्हणाले, "माहीत नाही. गाळात बी असेल असं वाटलं होतं. अजून उगवलं नाही. थंडी आहे म्हणून असेल. किंवा आपण जिथला गाळ घेतला तिथे बी नसेल. किंवा ती वरच्या नाल्यांतून येत असेल, तिथे पूर जोरात नसतो, थोडी मागे राहत असेल. उन्हाळ्यापर्यंत घमेलं ठेवायला पाहिजे, आणि नाले जाऊन बघायला पाहिजेत. मग सांगता येईल."

"मागल्या खेपेला हिला सगळं माहीत होतं," पप्पा सरांना म्हणाले. "लिहा. ‘ब’ लिहा."

प्राचार्यांनी मोठा श्वास सोडला. सरांनी लिहिलं, पण पेन उचललं नाही. "‘अ’ का नाही, परीक्षक साहेब? मला फक्त समजून घ्यायचंय."

"काम अर्धं हाय ना, सर. ‘अ’ दिला तर सोडून देईल ती."

"बरोबर. मग उरलेलं अर्धं ती कधी करणार?"

पप्पा म्हणाले, "बारावी झाली की ती तर..." आणि थांबले. सरांनी ते वाक्य पूर्ण करून दिलं नाही. दुसऱ्या कोणी त्या जागी भाषण केलं असतं. सर नुसते बघत राहिले, त्यांना खरंच उत्तर हवं असल्यासारखे. पप्पांनी चहा संपवला आणि ते निघून गेले.

परीक्षा झाली. उन्हं वाढली. पॅकहाऊसवाले एकदा विचारून गेले, पप्पा म्हणाले, "बघू, निकाल लागू द्या." मला घमेल्यांचा कंटाळा आला होता, पण पप्पा पाणी घालत होते. एप्रिलमध्ये एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. गाळाच्या घमेल्यात गवतासारखी बारीक हिरवी पाती आली होती. "गवत असंल," मी म्हणाले. ते म्हणाले, "आसंल. थांब." काही आठवड्यांनी पाती रुंद झाली आणि देठ फुगले. पानवेलीचे देठ फुगतात, ते आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

पप्पांना आनंद झाला होता, पण तो त्यांना साजरा करता येत नव्हता, कारण दुसऱ्या घमेल्यातही तेच उगवलं होतं. थोडंच, कडेला, पण तेच. जिथे नदी कधीच आलेली नाही त्या वावरातल्या मातीत.

सरांना फोन केला. ते आले, दोन्ही घमेल्यांसमोर अंगणात मांडी घालून बसले. "हे कसं झालं?" पुन्हा पुन्हा म्हणत होते. "पाणी बोअरचं होतं ना? पूर आला नव्हता ना?"

"कधीच नाय," पप्पा म्हणाले. आणि मग ते एकदम उठून उभे राहिले. त्यांनी कपाळावर हात मारला. "पूर नाय आला, पण मोटार हाय ना सर! त्या वावराला आजवर नदीचंच पाणी देतोय. मी स्वतः बसवलेली मोटार. माझ्याच पाइपातून आलं असंल ते बी!"

नदी वावरात कधी आली नाही, हे आम्ही तिघांनी मिळून ठरवलं होतं. आणि आमच्यातला एक माणूस आयुष्यभर ती वावरांत पोचवण्याचंच काम करत होता. सर इतके हसले की त्यांच्या कानावरचा खडू घमेल्यात पडला. पप्पाही हसले. आई दारात येऊन म्हणाली, "काय झालं?" पप्पा म्हणाले, "परत पहिल्यापासून करायला लागंल."

ते तसंच म्हणाले. नंतर त्यांनी मुद्दाम काही जाहीर केलं नाही. दोन दिवसांनी पॅकहाऊसवाल्यांचा फोन आला तेव्हा मी ओट्यावर होते. पप्पा म्हणत होते, "नाय जमणार. पोरीचं एक काम अर्धं राह्यलंय." पलीकडून काय विचारलं माहीत नाही. पप्पा म्हणाले, "नाय, घरचं नाय. कॉलेजचं." तेव्हा माझा कॉलेजचा अर्जही भरलेला नव्हता.

आता मी नाशिकला बी.एस्सी.ला आहे. वनस्पतिशास्त्र. होस्टेलमध्ये माझ्या खोलीत पेठकडची एक मुलगी आहे. त्यांचा डोंगराळ भाग. पावसावरचा भात, नागली. गोदावरीचं पाणी तिच्या शेताला कधी लागलेलं नाही आणि तिकडे मोटारही नाही. हे मी तिला इतक्यांदा विचारून घेतलं की ती वैतागली. दिवाळीच्या सुट्टीवरून येताना तिने पिशवीभर माती आणली. बस कंडक्टरने तिला विचारलं म्हणे, सगळे गावाहून तांदूळ आणतात, तू माती काय आणतेस? होस्टेलच्या गच्चीवर तिची माती एका घमेल्यात आणि आमच्या काठाचा नवा गाळ दुसऱ्यात, असं मी ठेवलं.

या उन्हाळ्यात गाळातून पानवेल आली. पेठच्या मातीत काहीच आलं नाही.

पप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं. म्हंजे माझ्या मोटारीचंच होतं." मी विचारलं, आता तरी ‘अ’ देणार का? ते म्हणाले, "आन् वरचे नाले कोण बघणार?"

मग गावी जाताना बसमध्ये खिडकीची जागा मिळाली म्हणून सरांना फोन लावला. खोकल्याचा आवाज आला. "थांब रे जरा," ते कोणाला तरी म्हणाले. मला वाटलं होतं की आधी घमेल्यांचा निकाल सांगावा, त्यांना बरं वाटेल.

"हं," सर म्हणाले. "काय कळत नाही?"

आणि मी सांगायला लागले. गाळात खोल गेलेलं बी किती वर्षं जिवंत राहत असेल ते कळत नाही. ते अंधारात उगवत नाही, तर मग त्याला वर कोण आणतं ते कळत नाही. आमच्या वावरात ते इतकी वर्षं पडून होतं, मग तिथे आपणहून कधी का आलं नाही. बस सायखेड्याच्या पुलावर आली तरी माझं संपलं नव्हतं. खाली नदी दिसत नव्हती, नुसतं हिरवं होतं. सर मधे एकदाही बोलले नव्हते, म्हणून मला वाटलं फोन कट झाला.

"सर?"

"आहे, आहे," ते म्हणाले. "लिहून घेतोय. खडूने, भिंतीवर. बाई ओरडतायत. तू बोल."